जड ट्रॉलीसाठी कॅस्टर कसे निवडावे: वजनाला चाराने भागू नये

भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोणत्याही शेडमध्ये गेल्यास एखादी तरी ट्रॉली एका बाजूला कललेली, कोपऱ्यात लावून ठेवलेली आढळते. तिच्या एका चाकाचे ब्रॅकेट वाकलेले असते, किंवा चाकावरचा पीयू या रबरासारख्या प्लास्टिकचा थर गाभ्यापासून सुटलेला असतो. ती बनवताना वजनाचा हिशेब केलाच नव्हता, असे सहसा होत नाही. हिशेब केलेला असतो. पण ट्रॉली आणि माल यांच्या एकूण वजनाला चाराने भागून जो आकडा आला, त्याच्या जरा वरचे कॅस्टर, म्हणजे ब्रॅकेटसह येणारे चाक, आणलेले असते. चार चाके आहेत म्हणजे चौघांवर सारखा भार येणार, हे गृहीत धरले जाते आणि चूक नेमकी तिथे होते. कॅस्टरची क्षमता ठरवण्याची रीत येथे एका ट्रॉलीचे उदाहरण घेऊन सांगितली आहे. जमीन, चाकाचा व्यास, चाक कशाचे आहे आणि ब्रॅकेट या गोष्टी त्याच हिशेबाला कशा जोडलेल्या आहेत, हेही त्यातूनच पुढे येईल.

आधी खरे वजन काढावे

समजा, साचे आणि टूलिंग हलवण्यासाठी १२०० × ७०० मिमी मापाची ट्रॉली करायची आहे. तिच्यावर ठेवायच्या साच्याचे वजन ठाऊक नसेल, तर ते मोजमापावरून काढता येते. पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७८५० किलो असते. कारखान्यातल्या सोप्या भाषेत सांगायचे तर एक चौरस मीटर पत्र्याचे दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो होतात. ६०० × ४०० × ३५० मिमी मापाचा भरीव साचा या हिशेबाने सुमारे ६६० किलोचा भरतो. त्यासोबत टूलिंगचे बिन ठेवायचे असतील, तर त्यांचे २४० किलो धरू. माल ९०० किलो झाला.

आता ट्रॉलीचे स्वतःचे वजन घ्यावे, कारण ते हमखास विसरले जाते. वरचा ८ मिमी जाडीचा पत्राच जवळजवळ ५३ किलोचा आहे. त्यात चॅनलची चौकट, हँडल, गसेट आणि खुद्द कॅस्टर मिळवले की आकडा १४० किलोपर्यंत सहज जातो. एकूण वजन १०४० किलो. येथे ‘साधारण किती माल ठेवतो’ हा प्रश्न विचारू नये. ‘जास्तीत जास्त किती ठेवला जाईल’ हे विचारावे. रिकामी जागा दिसली की तिच्यावर आणखी एक बिन ठेवला जातोच. ते कोणी मुद्दाम करत नाही, पण चाकाला त्याने काही फरक पडत नाही.

चार चाके, पण भार किती जणांवर?

१०४० किलोंना चाराने भागले तर प्रत्येक चाकावर २६० किलो येतात, आणि ३०० किलोचे कॅस्टर पुरेसे वाटते. जमीन आरशासारखी सपाट, चौकट अचूक, चारही चाकांची उंची एकसारखी आणि माल बरोबर मध्यावर असेल तरच हे खरे ठरते. प्रत्यक्षात शेडची फरशी कुठे दबलेली असते, कुठे दोन स्लॅबमधला सांधा उघडा असतो, तर कुठे पाण्याच्या चरावरची जाळी वर आलेली असते.

एक पाय किंचित आखूड असलेला चौरंग डुगडुगतो, तेव्हा तो कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन पायांवर उभा असतो. वेल्डिंगने जखडलेली, न वाकणारी चौकट असलेल्या ट्रॉलीचेही तसेच होते. एक चाक अधांतरी झाले की माल मध्यावर असल्याने तोल राखण्यासाठी त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकावरचाही भार जातो, आणि उरलेल्या दोन चाकांवर एकूण वजनाचा अर्धा-अर्धा वाटा येतो. आपल्या उदाहरणात एका चाकावर ५२० किलो. चाराने भागून आलेल्या आकड्याच्या हे बरोबर दुप्पट आहे, आणि ३०० किलोचे कॅस्टर येथे वाकते.

प्रत्यक्षात चौकट थोडी लवते, चाकावरचा रबर किंवा पीयू थोडा दबतो, त्यामुळे तिसरे चाकही काही भार उचलते. म्हणूनच या व्यवसायात चार चाकांच्या गाडीसाठी वजनाला तीनाने भागण्याची रीत रूढ आहे. आपल्या ट्रॉलीत १०४० भागिले ३ म्हणजे सुमारे ३४७ किलो. त्यावर सुरक्षेचा गुणक लावला जातो. शेडच्या आत, हाताने ढकलल्या जाणाऱ्या गाडीसाठी तो सर्वसाधारणपणे १ ते १.५ या दरम्यान घेतात. तीनाने भागून दीडपट केली की पुन्हा ५२० किलोच येतात, कारण तीनाने भागून दीडने गुणणे म्हणजे दोनाने भागणेच होय. दोन वेगवेगळ्या वाटांनी आपण एकाच आकड्याशी पोहोचतो.

यातून एक सोपा नियम निघतो. जमीन चांगली असेल आणि चौकट काहीशी लवचीक असेल, तर एकूण वजनाचा तिसरा हिस्सा आणि वर थोडी सवड एवढी क्षमता प्रत्येक कॅस्टरची असावी. चौकट कडक आणि जमीन सांधे-चरांची असेल, तर एकूण वजनाचा निम्मा हिस्सा धरावा. पुण्याच्या आसपासच्या जुन्या गाळ्यांच्या बाबतीत मी विचार न करता दुसरा पर्याय घेईन. कॅस्टरच्या किमतीतला फरक एका पडलेल्या साच्याच्या दुरुस्तीपुढे काहीच नसतो.

येथे एक सावधगिरी हवी. काही उत्पादकांच्या कॅटलॉगमध्ये वजनाला चाकांच्या पूर्ण संख्येने भागून मग गुणक लावलेला असतो, तर काहींमध्ये एक चाक आधीच वगळलेले असते. कोणत्या सूत्रातला गुणक आपण उचलत आहोत ते पाहिले नाही, तर एकच सवड दोनदा धरली जाते किंवा एकदाही धरली जात नाही.

माल मध्यावर नसेल तर हा हिशेब पुन्हा तपासावा लागतो. आपल्या ट्रॉलीत चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर लांबीत १००० मिमी आणि रुंदीत ६०० मिमी आहे असे धरू. ९०० किलो मालाचा गुरुत्वमध्य लांबीत २०० मिमी पुढे सरकला, तर पुढच्या दोन चाकांवर मालाचे ६३० आणि ट्रॉलीचे ७० असे मिळून ७०० किलो येतात. तोच गुरुत्वमध्य रुंदीतही १०० मिमी उजवीकडे असेल, तर उजव्या दोन चाकांवर ६७० किलो येतात. अशा वेळी पुढचे उजवे चाक सपाट जमिनीवरसुद्धा सव्वाचारशे किलोंच्या आसपास भार घेते, आणि जमीन वाईट असल्यास हा भार ६७० किलोंपर्यंत जाऊ शकतो. निम्म्याचा नियम येथे अपुरा पडतो. साचा दोन्ही दिशांनी एका कोपऱ्याकडे ठेवावा लागणार असेल, तर मोठे कॅस्टर घेण्याआधी पत्र्यावर साच्याची जागा दाखवणारे थांबे वेल्ड करून माल मध्यावर आणावा. त्याचा खर्च कमी आणि उपयोग अधिक.

सहा चाकांच्या लांब ट्रॉलीत वजनाला सहाने भागण्याचा मोह होतो. अशा ट्रॉलीत मधली फिक्स, म्हणजे न वळणारी चाके मुद्दाम काही मिलिमीटर खाली बसवतात, म्हणजे ती जागच्या जागी वळते. त्यामुळे एका वेळी मधली दोन आणि कोणत्यातरी एका टोकाची दोन अशी चारच चाके जमिनीला टेकतात, आणि जमिनीतल्या उंचवट्यावरून जाताना तर सगळे वजन मधल्या जोडीवर येते. मधल्या प्रत्येक चाकाची क्षमता एकूण वजनाच्या निम्मी असावी.

उंबरठा आणि चाकाचा व्यास

क्षमतेचा आकडा जुळला म्हणजे ट्रॉली चालेलच असे नाही. १०० मिमी व्यासाची चाकेही पुरेशा क्षमतेत मिळू शकतात, आणि ट्रॉलीची उंची कमी ठेवायची म्हणून ती घेतलीही जातात. मग शटरच्या चॅनलशी गाडी अडते.

कडक चाक अक्षाच्या उंचीवर आडवे ढकलून १० मिमी उंचीच्या धारेवर चढवायचे, तर १०० मिमी व्यासाच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या ०.७५ पट जोर लागतो. १५० मिमीला सुमारे ०.५८ पट, आणि २०० मिमीला ०.४८ पट. आपल्या ट्रॉलीची पुढची दोन चाके, ज्यांच्यावर मिळून ५२० किलो आहेत, एकदम धारेला लागली तर हा जोर अनुक्रमे ३९०, ३०० आणि २५० किलोंच्या बरोबरीचा होतो. तिन्ही आकडे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. म्हणून मग गाडी चार पावले मागे घेऊन वेगाने आणली जाते आणि धारेवर आदळवली जाते. बरेचसे कॅस्टर अशाच आदळण्याने मरतात, वजनाने नव्हे.

यावर मोठे चाक हा अर्धाच उपाय आहे. दुसरा अर्धा उपाय जमिनीत आहे. १० मिमीच्या धारेला १०० मिमी लांबीचा लोखंडी पट्टीचा उतार लावला, तर त्याच ५२० किलोंसाठी उताराचा जोर ५२ किलोंवर येतो. कॅस्टरची ऑर्डर देण्यापूर्वी ट्रॉलीच्या संपूर्ण वाटेवरून स्वतः चालत जावे आणि प्रत्येक सांधा, चर, जाळी व शटरची उंची टेपने मोजावी. लिफ्टच्या दारातली फट विशेष पाहावी. अरुंद चाक तिच्यात उतरते आणि पूर्ण भार चाकाच्या कडेवर येतो.

चढाचा हिशेब सरळ आहे. बारास एक चढावर १०४० किलोंना केवळ चढासाठीच सुमारे ८६ किलोंचा जोर लागतो. त्याला कोणतेही उत्तम बेअरिंग उपयोगी पडत नाही, आणि उतरताना तोच जोर माणसाला खाली ढकलतो. गाळ्याच्या दाराशी असा रॅम्प असेल, तर ही ट्रॉली तेथे हाताने नेऊच नये.

सपाट जागेवर किती जोर माणसाने लावावा, याबाबत ब्रिटनच्या एचएसई या सरकारी सुरक्षा संस्थेचे आकडे मार्गदर्शक म्हणून वापरता येतात. गाडी सुरू करताना किंवा थांबवताना पुरुषासाठी २० किलो व स्त्रीसाठी १५ किलो, आणि चालू ठेवताना अनुक्रमे १० व ७ किलो इतका जोर ती संस्था योग्य मानते. सपाट, टणक जमिनीवर आणि चांगल्या स्थितीतल्या चाकांवर वजनाच्या किमान २ टक्के जोर लागतो, असा तिचाच ढोबळ ठोकताळा आहे. आपल्या १०४० किलोंसाठी तो सुमारे २१ किलो होतो. म्हणजे चाके उत्तम असली तरी ही ट्रॉली एकट्या माणसाची नव्हे, दोघांची आहे. हे हेल्परला सांगण्यापेक्षा सुपरवायझरला सांगणे अधिक गरजेचे असते.

चाक कशाचे असावे

बिडाचे चाक भार खूप घेते, उष्णता सोसते आणि लोखंडी चिप्सना दाद देत नाही. फाउंड्रीत आणि हीट ट्रीटमेंटच्या विभागात ते योग्यच आहे. मात्र ते जमीन खाते. इपॉक्सी केलेल्या फरशीवर त्याचे ओरखडे उमटतात, आणि कोटा किंवा शहाबादी फरशीच्या कडा त्याच्याखाली फुटतात. त्याचा आवाज हा वेगळाच विषय आहे.

नायलॉनचे चाक हलके असते, सहज सरकते, तेल व कूलंट यांना टिकते आणि त्याच्यात चिप्स फारशा रुतत नाहीत. कडक असल्यामुळे त्याचा जमिनीशी स्पर्श अगदी थोड्या जागेत होतो; म्हणून फरशीवरचा ताण वाढतो, आणि सांध्यावरून जाताना बसणारा धक्का थेट बेअरिंगला व मालाला पोहोचतो. मोजमापाची नाजूक उपकरणे वाहणाऱ्या ट्रॉलीला ते लावू नये.

रबराचे चाक धक्के शोषते, आवाज करत नाही, पण त्याच व्यासात भार कमी घेते आणि खनिज तेलात फुगते. मशीन शॉपमध्ये तेलकट जमिनीवर त्याचे आयुष्य फार नसते.

राहिला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, जो आज बहुतेक जड ट्रॉल्यांसाठी घेतला जातो. बिडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यावर चढवलेला, शोअर ए मापात ९२ ते ९५ कडकपणाचा पीयू भार, सरकणे आणि फरशीची काळजी यांचा चांगला मेळ घालतो. आपल्या उदाहरणातल्या ट्रॉलीला मी २०० मिमी व्यासाचे व ५० मिमी रुंदीचे, बिडाच्या गाभ्यावर पीयू असलेले चाक निवडीन. पण पीयूच्या तीन मर्यादा लक्षात घ्याव्यात. पहिली उष्णतेची: सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे सामान्य पीयू आपली ताकद गमावतो, त्यामुळे ओव्हनमध्ये जाणाऱ्या किंवा गरम भाग वाहणाऱ्या ट्रॉलीसाठी तो नाही. दुसरी ओलाव्याची: पॉलिएस्टर जातीचा पीयू उष्ण व दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि त्याचे तुकडे पडू लागतात, तर पॉलिइथर जातीचा अधिक टिकतो. धुलाई विभागात, किंवा पावसाळ्याचे चार महिने दारातून पाणी आत येणाऱ्या गाळ्यात ही जात विचारून घ्यावी. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर उत्पादकाकडे चौकशी करण्यास सांगावे. तिसरी मर्यादा उभ्या गाडीची आहे. भरलेली ट्रॉली आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहिली, तर पीयू टेकलेल्या जागी चपटा होतो आणि पुढे चालताना प्रत्येक फेऱ्याला धक्का देतो. साचे ट्रॉलीवरच साठवण्याची पद्धत असेल, तर चौकटीला स्क्रूचे पाय लावून भार चाकांवरून काढून घ्यावा.

लेथ आणि मिलिंगच्या जवळ फिरणाऱ्या ट्रॉलीच्या पीयूमध्ये चिप्स रुततात आणि त्याला चिरत जातात. तेथे नायलॉन बरा, नाहीतर झाडू तरी नियमित हवा.

ब्रॅकेट आणि बेअरिंग

कॅस्टरची क्षमता म्हणजे चाक, बेअरिंग आणि ब्रॅकेट यांपैकी सर्वांत कमकुवत भागाची क्षमता. जुन्या ब्रॅकेटमध्ये मोठ्या क्षमतेचे चाक बसवले म्हणून कॅस्टर मोठे होत नाही. हे सांगण्याचे कारण असे की दुरुस्तीच्या नावाखाली हाच प्रकार सर्रास चालतो.

फिरत्या कॅस्टरमध्ये खरा ताण वरच्या फिरत्या डोक्यावर येतो. चाक डोक्याच्या बरोबर खाली नसून थोडे मागे असते, त्यामुळे भार तिरका पडतो आणि छर्रे फिरतात ती खाच एका बाजूने दाबली जाते. पत्रा दाबून केलेले, दोन ओळी छर्र्यांचे आणि मध्ये किंगपिन या खिळीने बांधलेले ब्रॅकेट मध्यम वजनाला पुरते. पण सतत धक्के बसणाऱ्या गाडीत किंगपिन ढिली होते आणि डोके हलू लागते. किंगपिन नसलेले, किंवा जाड प्लेट वेल्ड करून आत थ्रस्ट बेअरिंग व टेपर रोलर बेअरिंग बसवलेले ब्रॅकेट महाग असते, परंतु पाचशे किलोंच्या पुढे त्याला पर्याय शोधत बसू नये.

चाकातल्या बेअरिंगपैकी साधा बुश स्वस्त असतो आणि जड जातो. रोलर बेअरिंग धक्के चांगले सोसते. बॉल बेअरिंग सर्वांत हलके चालते, आणि ६२०४ किंवा ६२०५ सारख्या प्रचलित क्रमांकाचे असेल तर पुण्यात कुठेही बदलून मिळते. क्षमता सारखी असलेल्या दोन कॅस्टरमधून मी नेहमी बेअरिंगचा क्रमांक विचारात घेऊन निवड करतो.

वेगाने क्षमता बदलते

कॅटलॉगमधली क्षमता कोणत्या वेगासाठी दिली आहे, हे फार थोडे जण पाहतात. आयएसओ २२८८३ हे मानक सेकंदाला १.१ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ४ किमी या चालण्याच्या वेगापर्यंतच्या कॅस्टरना लागू आहे. त्यापुढे ताशी १६ किमीपर्यंत आयएसओ २२८८४ हे वेगळे मानक आहे. चाकणच्या मोठ्या वाहन कारखान्यांत ट्रॉल्यांची माळ टो ट्रकला जोडून ओढली जाते. तेथे हाताने ढकलण्याची कॅस्टर लावली, तर वजन मर्यादेत असूनही ती टिकत नाहीत. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. शिवाय पीयू प्रत्येक फेऱ्याला दबून सुटताना आतून तापतो आणि गाभ्याशी असलेली त्याची पकड सुटते. ओढल्या जाणाऱ्या गाडीसाठी उत्पादकाचा वेग आणि भार यांचा तक्ता मागावा. आपल्या ट्रॉलीचा उपयोग पुढेमागे बदलून ती टो ट्रकला जोडली जाण्याची शक्यता असेल, तर ते आजच ठरवावे.

मांडणी

हाताने ढकलण्याच्या ट्रॉलीला दोन फिक्स आणि दोन फिरती चाके ठेवावीत, आणि फिरती चाके हँडलच्या बाजूला लावावीत. मग गाडी सरळ चालते आणि वळवताना जोर कमी लागतो. ओढून नेण्याच्या गाडीत फिरती चाके पुढे, ओढण्याच्या दांड्याच्या बाजूला येतात. चारही चाके फिरती असलेली गाडी अरुंद जागेत कुठेही सरकते, पण १०४० किलोंची अशी गाडी लांबच्या वाटेवर सरळ ठेवणे दोघांनाही जड जाते.

उंच माल असेल, तर एक गोष्ट मोजून घ्यावी. फिरत्या चाकाचा जमिनीशी स्पर्श डोक्याच्या मध्यापासून ६० मिमीच्या आसपास दूर असतो. दोन्ही चाके आतल्या बाजूला वळली, तर ६०० मिमीचा पाया त्या टोकाला ४८० मिमीच उरतो, आणि गाडी उलटण्याचा हिशेब या ४८० वर करावा लागतो. तसेच २०० मिमी चाकाला पूर्ण फिरण्यासाठी सुमारे १६० मिमी त्रिज्येची मोकळी जागा लागते. चौकटीचा आडवा चॅनल तिच्यात येत नाही ना, हे ड्रॉइंगवरच पाहावे. ब्रेक घ्यायचा तर चाक आणि डोके दोन्ही एकदम जखडणारा घ्यावा. केवळ चाक थांबवणाऱ्या ब्रेकवर उभी असलेली जड ट्रॉली डोक्याभोवती फिरून सरकते.

दुकानात काय विचारावे

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा भोसरीच्या औद्योगिक मालाच्या दुकानांत विचारल्यास ‘हे एक टनाचे आहे’ असे उत्तर मिळते. त्यावर पहिला प्रश्न असावा: एका चाकाचे की चारांच्या सेटचे? हा प्रश्न भोळा वाटला तरी विचारावाच, कारण दोन्ही अर्थाने बोलणारे विक्रेते आहेत. दुसरा प्रश्न एककाचा. आयात मालावर आकडा पौंडांत असू शकतो, आणि १२०० पौंड म्हणजे ५४४ किलोच. डेकान्यूटन लिहिलेले असेल, तर तो आकडा किलोंइतकाच समजला तरी चालतो. तिसरा प्रश्न, क्षमता कोणत्या वेगाची आणि कोणत्या मानकाप्रमाणे तपासलेली. याचे उत्तर छापील कॅटलॉगमधूनच घ्यावे.

मग कॅस्टर हातात घेऊन पाहावे. डोके धरून ब्रॅकेट कडेने हलवले असता नव्या मालात खडखड जाणवू नये. पीयू आणि गाभा यांच्या सांध्यावर फट किंवा सुटलेली कड नसावी. ब्रॅकेटच्या वेल्डमध्ये खड्डे नसावेत. वरच्या प्लेटची जाडी आणि छिद्रांमधले अंतर मोजून लिहून घ्यावे, कारण पुढे एखादेच कॅस्टर बदलायची वेळ आली की हीच मापे जुळवावी लागतात. ज्या मालावर उत्पादकाचे नाव किंवा मॉडेल क्रमांकच नाही, तो पाचशे किलोंच्या कामासाठी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बसवणे आणि सांभाळणे

प्लेट बोल्टने बसवावी, ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट वापरावेत. कॅस्टर थेट चौकटीला वेल्ड करण्याची फॅब्रिकेटरांची सवय मोडून काढावी. वेल्डच्या उष्णतेने डोक्यातले ग्रीस जळते, जस्ताचा मुलामा जाऊन त्याचा अपायकारक धूर होतो, आणि पुढे कॅस्टर बदलायचे तर ग्राइंडर चालवावा लागतो. बसवण्यापूर्वी चौकट उलटी करून चारही जागा एकाच पातळीत आहेत का ते दोरी लावून पाहावे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर पातळ पत्र्याची शिम घालावी. वर केलेला सगळा हिशेब या फरकावरच उभा आहे.

पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. डोक्याला आणि चाकाला ग्रीसचे निपल असेल, तर ठरावीक काळाने ग्रीस भरावे, आणि अक्षाभोवती गुंडाळलेले धागे, पॅकिंगच्या पट्ट्या व चिप्स काढून टाकाव्यात. एखादे चाक निकामी झाले, तर नवे एकटे चाक लावण्याआधी उरलेल्या चाकांचा व्यास मोजावा. झिजलेल्या तीन चाकांमध्ये पूर्ण व्यासाचे एक नवे चाक आले की गाडी कर्णावर डुलू लागते, आणि निम्मे वजन पेलण्याची वेळ त्याच्या समोरच्या कोपऱ्यातल्या जुन्या चाकावर येते. फरक दोन मिलिमीटरच्या पुढे असेल, तर पूर्ण सेट बदलावा.

शेवटी ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना रंगाने ‘कमाल माल ९०० किलो’ असे ठळक लिहावे. १०४० हा एकूण वजनाचा आकडा तेथे लिहू नये, कारण वाचणारा तो मालाचाच समजेल.